चित्रकलेचा तास आणि लोकशाही – काही नातं आहे का?

जाईजुई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते मांडते.

माझी मुलगी तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत सातवीत आहे. जुलैमध्ये शाळेत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक झाली. अर्ज भरणं, छाननी, माघार, चिन्हवाटप, प्रचार, मोबाइलवर मतदान, बोटाला शाई, सगळं अगदी रीतसर. त्या दिवशी रात्री जेवतानासुद्धा तिने शाईचं बोट वर धरून ठेवलं होतं, पुसलं जाईल म्हणून. ती निवडून आली आणि सांस्कृतिक मंत्री झाली.

तिसऱ्या आठवड्यात नवीन वेळापत्रक लागलं. चित्रकलेचे दोन आणि संगीताचा एक तास गेला, त्या जागी गणित आणि इंग्रजीचे जादा तास. चित्रकलेच्या बाई निवृत्त झाल्या, पद भरलं गेलं नाही, तेव्हा मोकळा तास कुणीतरी घेणारच. शाळेची अडचण मला कळते. पण निवडून आलेल्या मुलांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, मग सांस्कृतिक मंत्र्याने करायचं काय?"

मला आतून वाटतं की या दोन गोष्टींचा, म्हणजे लोकशाही शिकण्याचा आणि चित्र-गाणं-नाटक शिकण्याचा, जवळचा संबंध आहे. पण शाळेच्या सभेत बोलायला उभी राहिले तर मला तो सांगता येणार नाही. "कलेने मन प्रसन्न होतं" एवढंच म्हटलं, तर समोरून "आधी दहावी-बारावी बघा ताई" हे उत्तर ठरलेलं आहे. पुढच्या महिन्यात सभा आहे. तुमचे अनुभव सांगा. विरोधी मत असेल तर तेही सांगा, कारण सभेत मला त्यालाच तोंड द्यायचं आहे.

सांजवात

चांगला विषय. वाचते आहे. आमच्याकडे तर पीटीचा तासही गणिताच्या सरांकडेच असायचा!

खडूफळा

जाईजुई ताई, मी ३१ वर्षं चित्रकला शिक्षक होतो. आता निवृत्त आहे. मला मोठमोठ्या व्याख्या येत नाहीत, वर्गात काय व्हायचं तेवढं सांगतो.

वस्तुचित्राच्या पहिल्या तासाला मी वर्गाच्या मध्ये स्टूल ठेवायचो आणि त्यावर कानाचा एक मोठा पांढरा मग. मुलं भोवती गोल करून बसायची. सूचना एकच, जे दिसतंय ते काढा. आता गंमत बघा. काहींच्या बाजूला मगाचा कान असतो, काहींना तो अर्धा दिसतो आणि पलीकडच्यांना मुळीच दिसत नाही. तरी दरवर्षी पलीकडच्या बाजूची दोन-चार मुलं कान काढायचीच. "सर, मगाला कान असतोच की!" मी म्हणायचो, "असतो. पण तुझ्या जागेवरून दिसतोय का?" मग त्याला उठवून समोरच्या मुलाच्या जागी बसवायचो आणि समोरच्याला त्याच्या जागी. दोघं एकमेकांच्या जागेवरून मगाकडे बघायचे. एक मुलगा तर तिथून इथे आणि इथून तिथे चार वेळा पळाला होता.

दुसरी गोष्ट मगाच्या तोंडाची. उंच मुलाला ते जास्त उघडं दिसतं, बुटक्याला चपटं, आणि अगदी खाली बसलेल्याला नुसती रेघ. तिघांची चित्रं वेगळी आणि तिघांची बरोबर. पण एखाद्याने शेजाऱ्याची वही बघून काढलं असेल, तर मगासारखं हुबेहूब दिसत असूनही मी ते चूक म्हणायचो. त्याच्या जागेवरून मग तसा दिसतच नाही. त्याने मगाकडे पाहिलंच नाही, शेजाऱ्याकडे पाहिलं.

सभेत एवढं सांगून बघा. आपल्या डोळ्यांनी बघायचं, आपल्याला दिसलं तेच मांडायचं आणि दुसऱ्याला वेगळं दिसतं म्हणून तो खोटा ठरत नाही, हे शिकवायला दुसरा कुठला तास आहे शाळेत?

मधुमालती

खडूफळा सर, एकदम पटलं. आमच्या सरांनी कधी जागा बदलायला लावली नाही, "नीट काढ" एवढंच म्हणायचे. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या. कर्तव्य भूमितीची धास्ती अजून आठवते.

आडतबाजार

मी विरोधी मत मांडतो. राग नसावा.

माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते. पाचवीला माझ्याकडे सहा रंगांची खडूपेटी होती, त्यातला पिवळा आणि निळा मोडलेला. चित्रकलेच्या तासाला माझ्या शेजाऱ्याकडे जलरंगाच्या ट्यूब, तीन ब्रश आणि पॅलेट. बाई त्याची वही वर धरून वर्गाला दाखवायच्या. माझं आकाश हिरवं असायचं, कारण निळा संपलेला. मला त्या तासाला लाज वाटायची. गणिताच्या तासाला कधी वाटली नाही. तिथे माझं उत्तर बरोबर आलं की बरोबरच, कंपासपेटी कुणाची कितीची आहे याने फरक पडत नव्हता. स्कॉलरशिप मिळाली, पुढे शिकलो, आज बरा आहे.

त्यामुळे मला समता म्हणजे काय ते गणिताने शिकवलं, चित्रकलेने नाही. गरिबाच्या मुलाला आधी पायावर उभं करा.

आणि खडूफळा सर, तुमचं मगाचं उदाहरण सुंदर आहे, पण एक धोका सांगतो. प्रत्येकाला आपापल्या जागेवरून वेगळं दिसतं, हे खरं. पण मगाला कान आहे की नाही, हे कुणाच्या जागेवर ठरत नाही. तो आहे. आज जो उठतो तो "मला असं दिसतं" म्हणून काहीही खपवतो. लोकशाहीला नुसते दृष्टिकोन पुरत नाहीत, खरं-खोटंही लागतं.

खडूफळा

आडतबाजार, राग कसला? तुमची हिरव्या आकाशाची गोष्ट वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. माझ्याही वर्गात अशी मुलं असणार आणि मी पण श्रीमंत वही वर धरली असणार. हे मला मान्य करायलाच हवं.

पुढे पुढे मी एक केलं होतं. सगळ्या पेट्या वर्गात जमा करायच्या आणि मधल्या टेबलावर ठेवायच्या. रंग सगळ्यांचे. पालकांच्या तक्रारी आल्या, "आमच्या मुलाचा लाल रंग संपला." मुलांची एकही आली नाही. शिवाय कोळसा, गेरू, चुना, हळद, वीटकरीचा तुकडा. वर्तमानपत्राच्या कोऱ्या रिमचे उरलेले कागद छापखान्यातून आणायचो. कोळशाने काढलेल्या चित्रात कुणाचे वडील कोण, ते कळत नाही.

कानाबद्दल तुम्ही बरोबर आहात. म्हणून तर जागा बदलायला लावायची. एका जागेवर बसून राहिलात तर "कान नाही" हेच तुमचं सत्य होऊन बसतं. फिरून आल्यावरच कळतं की तो आहे.

बोरू

मी अक्षरलेखन करतो, त्यामुळे माझा मुद्दा थोडा वेगळा. जाईजुई, सभेत भारताच्या संविधानाची मूळ प्रत दाखवा. मोबाइलवर पाहायला मिळते.

आपलं संविधान नुसतं छापलं गेलं नाही, ते हाताने लिहिलंही गेलं. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी तिरक्या वळणदार अक्षरात लिहिली आणि हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. सजावटीचं काम शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे होतं. त्यांनी ते एकट्याने केलं नाही, सहकाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना बरोबर घेतलं. उद्देशिकेच्या पानाची चौकट जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हांची. सिंहांच्या राजमुद्रेचं चित्र दीनानाथ भार्गव नावाच्या विद्यार्थ्याने काढलं. सिंह नीट जमावेत म्हणून तो कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन सिंह बघत बसायचा. २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी त्या प्रतींवर सह्या केल्या.

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला चित्र आहे. पहिल्या भागावर मोहेंजोदडोच्या मुद्रेवरचा बैल. आणि पंधरावा भाग निवडणुकांचा, त्यावर छत्रपती शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंह. आपल्या मराठी पालकांना ही एवढी गोष्ट जरूर सांगा.

देश नुकताच फाळणीतून बाहेर पडला होता, पैशाची चणचण होती, निर्वासितांचे तांडे होते. त्या वेळीही कुणी म्हटलं नाही की आधी पोटाचं बघू, चित्रं कशाला? कायद्याच्या पुस्तकाला हात लागायचा तो चित्रकाराचा, हे त्यांना सहज वाटलं. मी दर २६ जानेवारीला उद्देशिका बोरूने लिहून काढतो. 'आम्ही भारताचे लोक' यातला 'आम्ही' लिहायला दर वेळी वेगळा जातो.

सांजवात

बोरू, निवडणुकांच्या पानावर महाराज आहेत हे आज कळलं. लेकाला दाखवलं.

राइनकाठ

जर्मनीतून लिहितो आहे, १४ वर्षं इथे आहे. मला या सगळ्यात एक गोष्ट खटकते, ती सांगितलीच पाहिजे.

कला शिकली की माणूस आपोआप लोकशाहीवादी होतो, असं मानू नका. या देशात घराघरात पियानो होता, गावोगावी ऑपेरागृहं होती, चित्रकलेचं शिक्षण उत्तम होतं आणि तरीही १९३३ साल उजाडलं, हिटलरचे नाझी सत्तेवर आले. हिटलर स्वतः चित्रकार व्हायला निघाला होता. व्हिएन्नाच्या अकादमीने त्याला दोनदा नाकारलं.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू मला इथे राहून कळली. सत्तेवर आल्याआल्या त्या राजवटीचा ज्यांच्यावर डोळा होता, त्यात कलाशाळा होत्या. बाउहाउस ही त्या काळातली नव्या विचारांची कलाशाळा १९३३ मध्येच बंद झाली. १९३७ मध्ये म्युनिकला 'विकृत कला' या नावाने प्रदर्शन भरवलं. संग्रहालयांतून उचललेली चित्रं मुद्दाम वेडीवाकडी टांगून, भिंतीवर टिंगल लिहून. कलेला त्यांचा विरोध नव्हता. त्यांना एकाच प्रकारे बघणारी कला हवी होती. खडूफळा सरांच्या भाषेत, सगळ्यांनी एकाच जागेवर बसून मग काढायचा आणि तो कसा काढायचा ते वरून ठरणार.

युद्धानंतर १९४९ मध्ये इथला मूलभूत कायदा लिहिला गेला, त्यात कला आणि विज्ञान, संशोधन आणि अध्यापन स्वतंत्र आहेत असं स्पष्ट वाक्य घातलं. ठेच लागल्यावर आलेलं शहाणपण आहे ते.

तेव्हा प्रश्न 'कला शिकवता का' एवढाच नाही. 'कशी शिकवता' हा आहे. पाठ्यपुस्तकातलं मोराचं चित्र चाळीस मुलांनी तंतोतंत उतरवायचं, हा तासही चित्रकलेचाच असतो.

बाराखडी

राइनकाठ यांना अनुमोदन. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, सहावी-सातवी. माझ्याच चुकीतून शिकलेली एक गोष्ट सांगते.

स्नेहसंमेलनात काय करायचं, यावर मी वर्गात मतदान घेतलं. हात वर करून. ३१ मुलांना सिनेमाच्या गाण्यावर नाच हवा होता, नऊ जणांना नाटक. मी म्हटलं, "झालं, बहुमत. नाच." आणि फळा पुसला. मला वाटलं, बघा किती लोकशाही पद्धतीने निर्णय घेतला. मधल्या सुट्टीत त्या नवांतली एक मुलगी आली. रडत नव्हती, शांत होती. म्हणाली, "बाई, आम्हाला का हवं होतं ते तुम्ही विचारलंच नाही."

मी पुन्हा सगळ्यांना बसवलं. नवांना कारण विचारलं. त्यांच्यातल्या एकाला बोलताना अडखळायला होतं, पण दुसऱ्याची भूमिका केली की तो अडखळत नाही. हे त्या आठ जणांना माहीत होतं, मला माहीत नव्हतं. ऐकल्यावर ३१ मधली कितीतरी मुलं म्हणाली, मग नाटक करू. शेवटी नाटक झालं आणि त्यात नाचही आला. मत बदलायला कुणाला सांगावं लागलं नाही.

आपल्या भाषेत 'मत' हा एकच शब्द आहे. निवडणुकीत देतो तेही मत आणि डोक्यात असतं तेही मत. मी पहिलं मोजलं आणि दुसरं ऐकलं नाही.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, तिथे अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्युई त्यांचे प्राध्यापक. लोकशाही ही केवळ राज्यकारभाराची पद्धत नाही, ती मुख्यतः एकमेकांच्या अनुभवात वाटेकरी होऊन जगण्याची रीत आहे, हा विचार ड्युईंनी १९१६ मध्ये शिक्षणाबद्दल लिहिताना मांडला. बाबासाहेबांनी तो १९३६ मध्ये जातीबद्दल लिहिताना घेतला. शिक्षणातला विचार जातीच्या प्रश्नाला येऊन भिडला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अनुभव वाटून घ्यायचा, तर आधी तो मांडता यायला हवा. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं निबंधात "माझी आई मला खूप आवडते" याच्या पुढे जात नाहीत, पण चित्रात आईच्या हातातलं खुरपं काढतात.

मधुमालती

बाराखडी ताई, नाटकाचं काय झालं पुढे? तो मुलगा बोलला का?

बाराखडी

बोलला. पोलीस पाटील झाला होता, खणखणीत. एक मुलगा झाड होता, त्याने तालमीत संप केला, "झाडालाही वाक्य पाहिजे." मुलांनीच ठरवून झाडाला एक वाक्य दिलं. सगळ्यात मोठा हशा त्यालाच आला.

डहाणूची_वाट

चर्चा छान चालली आहे, पण कुणाची कला शिकवायची हेही बोला.

मी वारली समाजातला. आज राज्यातल्या कुठल्याही शाळेत जा, मडक्यावर, भिंतीवर, फायलीवर वारली चित्रं काढलेली असतात. त्रिकोणाची माणसं सगळ्यांना येतात. पण आमच्यात ही चित्रं लग्नातली. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवासिणी लग्नचौक लिहितात. आम्ही 'लिहिणं' म्हणतो. चौकात पालघाट देवी असते. धवलेरी गाणी म्हणते, तीच लग्न लावते. ती बाई असते. हे किती चित्रकला शिक्षकांनी वर्गात सांगितलं?

१९४५ मध्ये आमच्या डहाणू भागात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. शेतकरी चळवळीतल्या नेत्या गोदावरी परुळेकर त्यात होत्या. शाळेत आम्हाला वारली चित्राची नक्षी शिकवली आणि वारल्यांचा लढा शिकवला नाही. माझ्या वर्गात मी एकटा वारली होतो आणि माझ्या चित्राला ग्रेड 'क' मिळाली, कारण माणसं ओळीत आली नव्हती. तारपा हे आमचं फुंकून वाजवायचं वाद्य, त्याच्या नाचात माणसं ओळीत नसतात, वेटोळ्यात असतात. मध्ये तारपा वाजवणारा आणि भोवती हातात हात गुंफून सगळे.

त्या दिवसापासून मी शाळेत वारली चित्र काढलं नाही.

खडूफळा

डहाणूची_वाट, ज्यांनी ती ग्रेड दिली ते माझे कुणीतरी व्यवसायबंधूच असणार. आम्हाला प्रशिक्षणात नक्षीच शिकवली गेली, चौक नाही. तुम्ही लिहिलंत त्याची मी प्रत काढून ठेवली आहे.

आडतबाजार

डहाणूची_वाट, तुमची 'क' ग्रेड आणि माझं हिरवं आकाश, एकाच वर्गात बसलो असतो तर बरं झालं असतं.

मी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण एक सांगतो. हमालांच्या पोरांना चित्रकलेच्या तासाला काही मिळालं नाही, तरी वडिलांना कला मिळाली होती ती शाळेबाहेर. यार्डात शाहिरी कार्यक्रम व्हायचे. वडील दोन इयत्ता शिकलेले, पण अण्णाभाऊंचे पोवाडे पाठ. अण्णाभाऊ साठे स्वतः शाळेत गेले ते दीड दिवस. तेच अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकर लाल बावटा कलापथक घेऊन संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव फिरले. मतदार म्हणजे काय, हक्क म्हणजे काय, हे वडिलांच्या पिढीला डफ-तुणतुण्यावर कळलं, नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून नाही. त्याच्याही आधी गावागावांत सत्यशोधकी जलसे आणि आंबेडकरी जलसे होते.

म्हणजे कलेचा आणि लोकशाहीचा संबंध नाही असं मी म्हणूच शकत नाही. माझं भांडण शाळेच्या तासाशी आहे. तो तास असा असावा की त्यात माझ्या वडिलांचा पोवाडाही बसेल.

मांडवीतीर

आडतबाजार यांच्या शाहिरीवरून आमच्या गोव्याची गोष्ट आठवली. थोडं अवांतर आहे, चालवून घ्या.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, विरोधाचं दोन पानं. आमचे आजोबा फुलाचे कडवे कार्यकर्ते. आजीचा सख्खा भाऊ दोन पानांचा. घरात बोलणं बंद. प्रचार गाण्यांवर चालला होता, दोन्हीकडून. कोंकणी गाणी गावभर ऐकू यायची आणि आजोबा खिडकी लावून घ्यायचे, असं आजी सांगायची.

पण दर गुरुवारी देवळात भजन असायचं. आजोबांची पेटी, मामाआजोबांचा पखवाज. बोलायचे नाहीत, पण पेटी आणि पखवाज एकमेकांचं ऐकल्याशिवाय चालत नाहीत. सम चुकली तर दोघांचीही चुकते. सुमारे ३४ हजार मतांनी फूल हरलं. आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. गुरुवारी पेटी घेऊन गेले.

मी स्वतः पेटी शिकले ती त्यांच्याकडूनच. साथ करताना ते एकच सांगायचे, "आपला सूर दाबू नकोस, आणि दुसऱ्याचा झाकू नकोस."

राइनकाठ

मांडवीतीर, हे अवांतर नाही.

पळसपान

आता थोडं कामाचं बोलतो. मी पालक म्हणून आमच्या शाळेच्या समितीत चार वर्षं होतो, सभेत कशाचा उपयोग होतो ते अनुभवाने सांगतो.

१. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी लिहिलं आहे की पट शंभराच्या वर असेल, तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, असावेत. तुमची मुलगी सातवीत आहे. आधी या तीन इयत्तांचा पट विचारा.

२. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. अनुदानित शाळेत समितीची भूमिका सल्लागाराची आहे, म्हणजे ती आदेश देऊ शकत नाही. पण सल्ला लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या. तोंडी बोललेलं हवेत जातं.

३. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्येच दहावीपर्यंत कला हा विषय हवा असं म्हटलं आहे. तेव्हा तुम्ही काही उपकार मागत नाही आहात.

आणखी एक. मुख्याध्यापकांना शत्रू समजू नका. पद रिक्त असलं की तेही हतबल असतात. "पद भरेपर्यंत आम्ही पालक काय करू शकतो?" अशी सुरुवात करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सभेला मुलांना घेऊन जा. तुमची मुलगी निवडून आलेली आहे.

मधुमालती

शेवटचा मुद्दा फार आवडला. जाईजुई, काय झालं ते नक्की कळवा.

जाईजुई

मंडळी, सव्वा महिन्याने येते आहे. धागा वर काढते. सभा झाली.

सगळं छापून नेलं होतं, पण बोलायची वेळ आल्यावर मी फक्त मगाची गोष्ट सांगितली आणि पुढे पळसपान यांनी सांगितलेली पटाची गोष्ट. तिन्ही इयत्ता मिळून पट शंभराच्या वर निघाला. मुख्याध्यापक म्हणाले, मागणी त्यांनी आधीच पाठवली आहे, दोनदा. फाइल दाखवली. खरंच पाठवली होती. मला त्यांच्याबद्दल जो राग होता तो तिथेच गेला. आता पालकांच्या सह्यांचं पत्र त्या मागणीला जोडून गेलं आहे.

एक वडील उठून म्हणाले, "माझ्या मुलाचं गणित कच्चं आहे, जादा तास जाऊ नये." तेव्हा मला आडतबाजार आठवले. मी त्यांना म्हटलं, दादा, तुमचं बरोबर आहे, गणिताचा तास राहू दे, दुसरी जागा शोधू. नंतर मुलगी बोलली. पाय थरथरत होते तिचे. म्हणाली, "आम्ही वर्गात विचारलं. गणित नको असं कुणीच म्हटलं नाही. पण आम्हाला ठरवताना बोलवा." एवढंच बोलून बसली. सभेत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मुख्याध्यापकांनी ते इतिवृत्तात लिहायला सांगितलं.

ठरलं ते असं. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास कलेचे. पद भरेपर्यंत पालकांपैकी आणि गावातल्यांपैकी कुणी यायचं. गावात एक भजनी मंडळ आहे, ते संगीताला यायला तयार आहे. पेट्या मधल्या टेबलावर, रंग सगळ्यांचे, हे मी आधीच कबूल करून घेतलं. संगीताचा आठवड्यातला वेगळा तास मात्र परत मिळाला नाही आणि नववी-दहावीचं काहीच झालं नाही. तिथे आठवीपर्यंतचा तो नियम लागू नाही.

पहिला शनिवार माझ्यावर आला आहे. मला चित्र काढता येत नाही. खडूफळा सर, स्टुलावर काय ठेवू? घरी पितळेचा तांब्या आहे आणि एक कानाचा मग आहे, पण तो रंगीत आहे, फुलाफुलांचा.

डहाणूची_वाट

जाईजुई ताई, तुमचा तालुका लांब नसेल तर एखाद्या शनिवारी मी येईन. चौक दाखवीन. माझ्या आईला घेऊन येतो, मला तिच्याइतकं येत नाही.

खडूफळा

ताई, पितळेचा तांब्या पहिल्या दिवशी नको. चकाकी काढायला अवघड, मुलं हिरमुसतात. फुलांचा मगही नको, मुलं फुलंच काढत बसतील आणि मग राहून जाईल. साधा एकरंगी मग आणा, पांढरा मिळाला तर उत्तम. पांढऱ्यावर सावली चांगली दिसते. मागे गडद कापड लावू नका, मुलं चारही बाजूंनी बसणार आहेत.

स्टूल मुलांच्या डोळ्यांच्या थोडं खाली येईल असं बघा. खिडकी एकाच बाजूची उघडी ठेवा, म्हणजे उजेड एकीकडून येईल. पेन्सिल टोकदार नको. खोडरबर पहिली वीस मिनिटं द्यायचंच नाही. आणि मगाचा कान मुद्दाम दाराच्या दिशेला करा. उशिरा येणारी मुलं दाराशी बसतात, कान सगळ्यात आधी त्यांना दिसू दे.